विश्लेषण : ११० मिनीगेम, किंमत पाच हजार... ‘मारिओ पार्टी’ विकत घ्यावी का?

सुट्टीत घरी चार पाहुणे जमले की पूर्वी पत्त्यांचा जोड, सापशिडी किंवा ‘व्यापार’चा पट बाहेर निघायचा. आता तेच चौघे एका खोलीत बसतात, पण प्रत्येकाचे डोके आपापल्या मोबाइलमध्ये असते. यावर उपाय म्हणून अनेक घरांत मुलांकडून एक मागणी पुढे येते, टीव्हीला जोडून सगळ्यांनी मिळून खेळायच्या ‘पार्टी गेम’ची. त्यात सर्वाधिक घेतले जाणारे नाव म्हणजे निन्टेन्डो कंपनीचा ‘सुपर मारिओ पार्टी जॅम्बोरी’. मात्र एका गेमसाठी पाच हजार रुपये, आणि कन्सोल नसेल तर त्याचे आणखी २५-३० हजार मोजणे योग्य आहे का? जाहिरातीतील आकड्यांच्या पलीकडे जाऊन पाहायला हवे.

हा गेम नेमका काय आहे?

‘सुपर मारिओ पार्टी जॅम्बोरी’ हा गेम १७ ऑक्टोबर २०२४ रोजी निन्टेन्डो स्विच या कन्सोलसाठी बाजारात आला. जपानमधील निन्टेन्डो क्यूब या कंपनीने तो तयार केला आहे. वर्षअखेरपर्यंत म्हणजे जेमतेम अडीच महिन्यांत त्याची विक्री ६० लाख प्रतींच्या पुढे गेली. मारिओ पार्टी या मालिकेची सुरुवात १९९८ मध्ये निन्टेन्डो ६४ या कन्सोलवर झाली, तेव्हा ती हडसन सॉफ्ट ही कंपनी बनवत असे. २०१२ च्या नवव्या भागापासून हे काम सध्याच्या कंपनीकडे आले.

खेळाचा साचा आपल्याकडच्या लुडो किंवा ‘व्यापार’सारखा आहे. चार भिडू एका पटावर आळीपाळीने फासा टाकतात आणि तितकी घरे पुढे जातात. निळ्या घरात नाणी मिळतात, लाल घरात जातात. २० नाणी देऊन एक तारा विकत घेता येतो. ठरलेल्या फेऱ्या संपल्यावर ज्याच्याकडे सर्वाधिक तारे, तो विजेता. प्रत्येक फेरीच्या शेवटी सगळे भिडू मिळून एक मिनीगेम खेळतात आणि जिंकणाऱ्याला नाणी मिळतात. मिनीगेम म्हणजे अर्ध्या ते दोन मिनिटांचा छोटा खेळ. कधी चौघे एकमेकांविरुद्ध, कधी दोघांविरुद्ध दोघे, तर कधी एकाविरुद्ध तिघे. या भागात असे ११० हून अधिक मिनीगेम आहेत, सात पट आहेत आणि निवडायला २२ पात्रे आहेत.

मिनीगेमची संख्या किती महत्त्वाची?

जाहिरातीत सर्वात ठळक आकडा ११० चाच असतो, कारण तो मोजता येतो. २०१८ च्या ‘सुपर मारिओ पार्टी’त ८० मिनीगेम होते, २०२१ च्या ‘मारिओ पार्टी सुपरस्टार्स’मध्ये १०० होते. म्हणजे दर भागागणिक आकडा वाढत गेला. परंतु दहा फेऱ्यांच्या एका डावात दहा-बारा मिनीगेमच वाट्याला येतात. महिन्यातून एकदा खेळणाऱ्या घराला सगळे ११० पाहायलाच वर्षभर लागेल. त्यामुळे १०० आणि ११० मधील फरक खरेदीचा निर्णय ठरवण्याइतका मोठा नाही.

फरक पडतो तो मिनीगेम किती लवकर समजतो यामुळे. या मालिकेची खरी कमाई तिथे आहे. मिनीगेम सुरू होण्यापूर्वी नियमांच्या पडद्यावरच सराव करता येतो. बहुतेक खेळ एक-दोन बटणांवर चालतात. आयुष्यात कधी कंट्रोलर हातात न धरलेली आजी आणि रोज गेम खेळणारा नातू यांच्यातील अंतर अशा अर्ध्या मिनिटाच्या खेळात बरेच कमी होते. गेमच्या भाषांत मराठी किंवा हिंदी नाही, मजकूर इंग्रजीत वाचावा लागतो. पण चित्रे आणि सराव यांच्या जोरावर भाषेची अडचण दोन-तीन फेऱ्यांत मागे पडते. त्यासाठी शेजारी बसून ‘आता हे बटण दाब’ असे सांगणारे कोणीतरी मात्र हवे.

संख्या मोठी असली तरी सगळेच खेळ खेळण्याजोगे असतील असे नाही, याचा धडा मालिकेने पहिल्याच भागात घेतला होता. त्यातील काही मिनीगेममध्ये कंट्रोलरची काडी वेगाने गोल फिरवावी लागे. ती तळहाताने फिरवताना मुलांचे हात सोलवटल्याच्या तक्रारी आल्या. अमेरिकेत न्यूयॉर्कच्या महाधिवक्त्यांनी दखल घेतल्यावर २००० मध्ये कंपनीला ग्राहकांना हातमोजे देण्याची तयारी दाखवावी लागली. छोटा खेळ चांगला की वाईट हे शेवटी तो हातात कसा बसतो यावर ठरते.

पटावरचे खेळ कसे आहेत?

सात पटांपैकी पाच नवे आहेत आणि दोन जुन्या भागांतून घेतले आहेत. ‘मारिओज रेनबो कॅसल’ पहिल्या भागातला, तर ‘वेस्टर्न लँड’ दुसऱ्या भागातला. नव्यांपैकी ‘रेनबो गॅलरिया’ हा तीन मजली मॉल आहे. तिथे सरकते जिने आहेत, दुकाने आहेत आणि अचानक सवलतीची विक्री जाहीर होते. ‘गूम्बा लगून’ या बेटावर भरती-ओहोटीनुसार वाटा बुडतात आणि उघडतात. किनाऱ्यावर राहणाऱ्यांना हा पट समजावून सांगावा लागणार नाही. ‘मेगा विगलर्स ट्री पार्टी’मध्ये एक अजस्र सुरवंट पटाच्या मधोमध पसरलेला असतो आणि घंटा वाजवली की तो जागा बदलतो. त्याबरोबर रस्तेही बदलतात.

पटांच्या या विविधतेला ११० च्या आकड्यापेक्षा अधिक महत्त्व द्यायला हवे. मिनीगेम फेरीपुरता असतो, पट पूर्ण डावभर पायाखाली राहतो. २०१८ च्या भागावर मुख्य टीका हीच झाली होती की, पट अवघे चार आणि तेही लहान. ‘जॅम्बोरी’ने ती उणीव भरून काढली आहे.

या भागात ‘जॅम्बोरी बडी’ नावाचे सोबती आहेत. पटावर सोबती अवतरला की त्याच्यासाठी एक मोठा मिनीगेम होतो. जो जिंकेल त्याला सोबती काही फेऱ्यांपुरता मिळतो. त्यानंतर प्रत्येक गोष्ट दुप्पट होते. नाणी दुप्पट मिळतात, तशी लाल घरात दुप्पट जातातही. पैसे असतील तर एका वेळी दोन तारे घेता येतात. प्रतिस्पर्धी शेजारून पुढे गेला तर तो सोबती पळवून नेतो. शेवटच्या क्रमांकावरचा भिडू दोन फेऱ्यांत वर येऊ शकतो, ही या योजनेची जमेची बाजू. सोबत्यासाठीच्या लढतीला बराच वेळ लागतो आणि डाव रेंगाळतो, ही उणी बाजू.

सगळा नशिबाचाच खेळ आहे का?

मारिओ पार्टीवरील सर्वात जुना आक्षेप हाच आहे. तासभर उत्तम खेळून आघाडी घ्यावी आणि शेवटी भलत्याच कारणासाठी बोनस तारा मिळवून दुसऱ्यानेच बाजी मारावी, हे इथे नेहमी घडते. जिद्दीने खेळणाऱ्यांना हा सरळ अन्याय वाटतो. काही घरांत त्यावरून रडीचा डाव म्हणत भांडणेही होतात.

तरीही घरगुती खेळात नशिबाचा वाटा असणे हा दोष मानणे बरोबर नाही. सापशिडीत ९८ वरून साप गिळतो म्हणून कोणी सापशिडी वाईट ठरवत नाही. आठ वर्षांच्या मुलीला चाळीस वर्षांच्या काकाला हरवण्याची संधी फक्त कौशल्याच्या खेळात क्वचितच मिळते. बुद्धिबळात तर नाहीच. सहा महिने कॅरमचा सराव केलेल्या दादापुढे कोणी बसायला तयार होत नाही, हा अनुभव घराघरांत आहे. नशिबाचा वाटा मोठा असल्यामुळेच हरणारा पुन्हा खेळायला बसतो. पार्टी गेमचे यश त्याच दुसऱ्या डावात असते.

ज्यांना हे पटत नाही त्यांच्यासाठी या भागात ‘प्रो रूल्स’ नावाचा पर्याय दिला आहे. त्यात बोनस तारा एकच असतो आणि तो कशासाठी मिळणार हे आधीच सांगितले जाते. पटावरील लपलेली बक्षिसे बंद होतात आणि पुढचा मिनीगेम भिडूंच्या मतांवर ठरतो. समवयस्क मित्रांचा गट असेल तर हाच पर्याय चांगला. घरात लहान मुले आणि ज्येष्ठ असतील तर नेहमीचे नियमच ठेवावेत.

एकट्याने खेळायला कसा आहे?

याचे उत्तर स्पष्ट आहे : एकट्यासाठी हा गेम घेऊ नये. ‘पार्टी प्लॅनर ट्रेक’ नावाचा एकट्याचा विभाग त्यात आहे. त्यात पटांवर फिरून छोटी-छोटी कामे करायची असतात. काही तासांत तो आटोपतो आणि पुन्हा खेळावासा वाटेल असे त्यात फारसे नाही. संगणकाने चालवलेल्या तीन भिडूंबरोबर पटावर खेळता येते, पण मग त्यांच्या चाली नुसत्या पाहत बसावे लागते. समोर चिडणारा भाऊ नसेल तर तारा पळवण्यात मजा उरत नाही.

इंटरनेटवरून खेळण्याची सोय आहे. ‘कूपाथलॉन’ या प्रकारात २० जण एकाच वेळी शर्यतीत उतरतात आणि मिनीगेममध्ये मिळवलेल्या नाण्यांवर पुढे सरकतात. दुसऱ्या एका प्रकारात आठ जण मिळून तोतया बाउजरशी लढतात. मात्र त्यासाठी निन्टेन्डोचे सशुल्क सदस्यत्व लागते. अमेरिकेत एका व्यक्तीसाठी त्याची वार्षिक किंमत १९.९९ डॉलर आहे. मुलगा न्यू जर्सीत आणि भावंडे पुण्यात अशा कुटुंबाला ही सोय उपयोगी पडू शकते. पण त्यासाठी दोन्ही घरी कन्सोल, दोन्ही घरी गेम आणि दोन्हीकडे सदस्यत्व हवे. शिवाय वेळेतील फरकामुळे एकाचा रविवार सकाळचा चहा होईपर्यंत दुसऱ्याची शनिवारची रात्र सरत आलेली असते.

खर्च नेमका किती?

अमेरिकेत गेमची जाहीर किंमत ५९.९९ डॉलर आहे. डॉलर ८५ रुपयांचा धरला तर ते साधारण ५,१०० रुपये होतात. घरात आधीपासून स्विच असेल तर प्रश्न एवढ्यावरच यायला हवा, पण तो येत नाही. स्विचच्या खोक्यात जॉय-कॉन नावाच्या छोट्या कंट्रोलरची एकच जोडी असते. एकेक जण एकेक जॉय-कॉन धरून खेळतो, म्हणजे दोघांची सोय झाली. चौघांसाठी आणखी एक जोडी लागते. तिची मूळ जाहीर किंमत ७९.९९ डॉलर म्हणजे सुमारे ६,८०० रुपये होती. ही जोडी गेमपेक्षा महाग आहे, हे अनेकांच्या लक्षात खरेदी झाल्यावर येते.

कन्सोलच नसेल तर हिशेब आणखी बदलतो. २०१७ मध्ये स्विच २९९.९९ डॉलरला बाजारात आला होता. तीच किंमत धरली तरी कन्सोल २५,५००, गेम ५,१०० आणि जास्तीची जोडी ६,८०० मिळून ३७ हजारांच्या पुढे खर्च जातो. अमेरिकेत ऑगस्ट २०२५ मध्ये जुन्या स्विचच्या किमती कमी होण्याऐवजी वाढल्या, हेही ध्यानात घ्यावे. ‘स्विच लाइट’ हा स्वस्त कन्सोल या कामाचा नाही. त्याचे कंट्रोलर सुटे होत नाहीत आणि तो टीव्हीलाही जोडता येत नाही.

भारतातील ग्राहकासाठी आणखी एक अडचण आहे. सोनी आणि मायक्रोसॉफ्टप्रमाणे निन्टेन्डोने आपले कन्सोल अधिकृतपणे भारतात विकण्याची व्यवस्था उभी केलेली नाही. त्यामुळे इथे मिळणारा माल आयातदारांकडून किंवा परदेशातून येणाऱ्या नातेवाइकाच्या बॅगेतून येतो. दुकानागणिक किंमत बदलते आणि कंपनीची वॉरंटी इथे उपयोगी पडत नाही. जॉय-कॉनची काडी काही काळाने आपोआप एका बाजूला सरकू लागते, ही तक्रार जगभर झाली आहे. २०२० मध्ये कंपनीच्या अध्यक्षांनी त्याबद्दल दिलगिरीही व्यक्त केली होती. दुरुस्तीची हमी नसलेल्या ठिकाणी ही जोखीम खरेदीदाराच्या खिशावर येते. स्विचचे गेम कोणत्याही देशातून घेतले तरी चालतात, ही त्यातल्या त्यात दिलासा देणारी बाब.

कार्ड घ्यावे की डाउनलोड?

गेम दोन प्रकारे मिळतो : छोट्या कार्डाच्या रूपात किंवा ऑनलाइन दुकानातून डाउनलोड करून. भारतीय ग्राहकाने कार्डच घ्यावे. निन्टेन्डो आपल्या मोठ्या गेमच्या किमती सहसा फारशा उतरवत नाही. त्यामुळे वापरलेल्या कार्डालाही बऱ्यापैकी किंमत येते. आवडला नाही तर विकता येतो, मित्राला देता येतो, दुसऱ्या गेमशी अदलाबदल करता येते. डाउनलोड केलेला गेम खात्याला चिकटलेला असतो, तो विकता येत नाही. शिवाय ऑनलाइन दुकानासाठी दुसऱ्या देशाचे खाते उघडणे आणि भारतीय कार्डाने पैसे भरणे ही कटकट वेगळी.

‘स्विच २’साठी वेगळी आवृत्ती कशाला?

जून २०२५ मध्ये स्विच २ हा नवा कन्सोल आला आणि २४ जुलै २०२५ रोजी या गेमची ‘जॅम्बोरी टीव्ही’सह नवी आवृत्ती आली. तिची किंमत ७९.९९ डॉलर आहे. जुना गेम असलेल्यांना १९.९९ डॉलर भरून ती मिळते. यात जॉय-कॉन माउससारखा टेबलावर घासून खेळायचे, आवाज देऊन खेळायचे आणि कॅमेऱ्यासमोर हातवारे करून खेळायचे असे नवे मिनीगेम आहेत. जोडीने पटावर खेळण्याचा आणि झटपट डावाचा असे नवे नियमही आहेत.

मात्र नवा पट एकही नाही. कॅमेरा वेगळा विकत घ्यावा लागतो. त्यामुळे ज्यांच्याकडे जुना स्विच आणि जुना गेम आहे त्यांनी केवळ या भरीसाठी नव्या कन्सोलचा विचार करू नये. ज्यांच्याकडे स्विच २ आहे त्यांनी आधी साधा गेमच घ्यावा, तो नव्या कन्सोलवरही चालतो. महिना-दोन महिने खेळून झाल्यावर हवी असेल तर भर घालता येते.

मोबाइलवर हेच फुकट मिळत नाही का?

मिळते, आणि हा प्रश्न रास्त आहे. मुंबईच्या गेमेशन कंपनीने २०१६ मध्ये आणलेला ‘लुडो किंग’ टाळेबंदीच्या काळात घरोघरी खेळला गेला. त्याला ना कन्सोल लागतो ना जॉय-कॉन. एकाच फोनवर चौघे खेळू शकतात. नुसता वेळ घालवायचा असेल तर त्यासाठी पाच हजार मोजायची गरज नाही.

फरक दोन ठिकाणी आहे. पहिला म्हणजे, फुकट गेमची कमाई जाहिरातींवर आणि आतल्या खरेदीवर चालते. मुलांच्या हातातील फोनवर ‘अजून एवढे हिरे घ्या’ असे सांगणारी खिडकी उघडते. ‘जॅम्बोरी’त एकदा पैसे दिले की आत पुन्हा पैसे मागितले जात नाहीत. नवी पात्रे, पट किंवा सजावट खेळून मिळवलेल्या गुणांवरच खुली होते. पालकांच्या दृष्टीने ही मोठी गोष्ट आहे. दुसरा फरक पडद्याचा. टीव्हीसमोर चौघे एकाच दिशेने पाहत असतात, एकमेकांच्या हरण्यावर हसत असतात. पडदा तोच असला तरी त्यासमोरचा माणूस एकटा नसतो.

इतर पर्यायही आहेत. ‘मारिओ पार्टी सुपरस्टार्स’मध्ये हात हलवून खेळायचे मिनीगेम नाहीत, सगळे बटणांवर चालते. त्यातील पाचही पट निन्टेन्डो ६४ च्या काळातले आहेत. वापरलेले कार्ड कमी किमतीत मिळाले तर तो आजही चांगला सौदा आहे. ‘जॅम्बोरी’तही हात हलवायचे खेळ बंद करता येतात. २०१८ चा भाग मात्र आता टाळावा. ज्यांच्याकडे कन्सोल नाही पण बरा संगणक आहे, त्यांच्यासाठी आठ जणांपर्यंत खेळता येणारा ‘पमेल पार्टी’ आहे. त्याचा साचा अगदी मारिओ पार्टीचाच आहे, फक्त विनोद थोडा हिंसक असल्याने लहान मुलांसाठी तो नको. ‘जॅकबॉक्स’च्या गेममध्ये एकानेच गेम घ्यायचा आणि बाकीच्यांनी आपापल्या फोनचाच कंट्रोलर करायचा अशी सोय असते. त्यातले खेळ इंग्रजी शब्दांवर आणि अमेरिकी संदर्भांवर बेतलेले असल्याने कॉलेजच्या मित्रांत ते रंगतात, तीन पिढ्यांच्या बैठकीत रंगत नाहीत.

मग घ्यावा की नाही?

निर्णयासाठी मिनीगेम मोजण्यापेक्षा संध्याकाळी मोजाव्यात. ५,१०० रुपयांचा गेम चौघांनी वर्षभरात २० वेळा खेळला तर दर वेळी माणशी खर्च ६४ रुपये येतो. इतक्यात मल्टिप्लेक्समध्ये पॉपकॉर्नही येत नाही. तोच गेम दोनदा खेळून कपाटात गेला तर माणशी खर्च ६३० रुपयांच्या वर जातो. गेम तोच, पट तेच, मिनीगेमही तेच. स्वस्त की महाग हे घरात किती माणसे आणि किती वेळा जमतात यावर ठरते.

एका डावाला तासभर किंवा अधिक लागतो, हेही हिशेबात धरायला हवे. मुलांच्या परीक्षा, आई-वडिलांची ड्युटी, कोणाचा क्लास असे वेळापत्रक असलेल्या घरात चौघे सलग तासभर मोकळे सापडणे हीच खरी टंचाई आहे. पाच हजार रुपये जमवता येतात, तो तास जमवणे कठीण असते. गेम घेतल्याने माणसे आपोआप एकत्र येतील या आशेवर खरेदी केली तर बहुधा निराशा होते. आधीच एकत्र बसणाऱ्या घरात मात्र हा गेम त्या बैठकीला रंग आणतो.

त्यामुळे ज्या घरात स्विच आधीपासून आहे, चार जण महिन्यातून एक-दोनदा तरी जमतात आणि त्यांत लहान-मोठे असे मिश्र भिडू आहेत, त्यांनी ‘जॅम्बोरी’चे कार्ड घ्यावे. खर्चात जॉय-कॉनची दुसरी जोडी आधीच धरावी. कोणाकडून ती सुट्टीपुरती उसनी मिळत असेल तर उत्तमच. जिथे दोघेच खेळणार आहेत तिथे थांबून वापरलेले कार्ड शोधावे. एकट्याने खेळणाऱ्याने किंवा फक्त या गेमसाठी कन्सोल घेऊ पाहणाऱ्याने हा खर्च करू नये. ३७ हजारांचे उत्तर ११० मिनीगेम देऊ शकत नाहीत. त्या घराने आधी एखाद्या रविवारी कन्सोल असलेल्या शेजाऱ्याकडे किंवा नातेवाइकाकडे जाऊन एक डाव खेळून पाहावा. डाव संपल्यावर घरातील सर्वात लहान आणि सर्वात मोठा, दोघेही ‘अजून एक’ म्हणाले, तर खरेदीचा विचार करायला हरकत नाही.